ई-पेपरची वर्गणी भरते, तरी गावच्या जमिनीची नोटीस दिसली नाही. पुढच्या वर्षी पैसे भरू का?

रात्रपाळी (पुणे)

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं थोडं सांगावं लागेल.

मी पुण्यात नर्स आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. पहाटे पाचला वॉर्ड जरा शांत होतो, तेव्हा मी मोबाइलवर आमच्या जिल्ह्याची आवृत्ती उघडते. माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याच्या ठिकाणापासून एकोणीस किलोमीटर आत. तिथे आता अण्णा एकटेच असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, वय शहात्तर.

आमच्या गावात पेपर पहाटेच्या एसटीने यायचा. अण्णा साडेसातला फाट्यावर जाऊन अंक घेऊन यायचे आणि दुपारपर्यंत तो अंक पाच घरं फिरायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तो बंद झाला. पुन्हा सुरू होऊन स्थिरावतोय तोवर २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेवढ्यात विक्रेत्याने गावची लाइन बंद केली, ती आजवर बंदच आहे. सतरा अंकांसाठी जीप परवडत नाही म्हणाला, आणि ते खरंच आहे. तेव्हापासून मी ई-पेपरची वर्षाची वर्गणी भरते. अण्णांच्या फोनवरही सुरू करून दिला होता, पण अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. त्यांनी चार दिवसांत सोडून दिलं. मग मीच वाचते आणि संध्याकाळी फोनवर त्यांना सांगते.

आता मुद्दा. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात आमची चौतीस गुंठे जमीन जातेय. विहीर त्यातच आहे, आणि डाळिंबाची दोनशे दहा झाडं. आम्हाला हे कळलं कधी? मोजणीवाले खुणेचे दगड रोवायला आले तेव्हा. कचेरीत गेलो तर साहेबांनी फाइल उघडून कात्रण दाखवलं. दोन पेपरांत रीतसर नोटीस दिलेली होती, हरकतीची मुदत एकवीस दिवस, आणि ते दिवस कधीच उलटून गेले होते. त्या दोन पेपरांतला एक मी पैसे भरून वाचते तोच!

मी ड्युटीचा तक्ता काढून पाहिला. त्या पहाटे मी जागी होते. मग अंकही पुन्हा उघडायला गेले, तर माझ्या वर्गणीत महिन्यापलीकडचे अंक बंद. जास्तीचे पैसे भरून जुने अंक उघडून घेतले. नोटीस ‘शहर’ आवृत्तीत होती आणि मी रोज ‘ग्रामीण’ बघते. ग्रामीण आवृत्तीत त्या दिवशी आमच्या तालुक्याच्या वाट्याला जेवढी जागा होती, ती सगळी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाने भरलेली होती.

नोटीस म्हणजे जाहिरात, ती कुठल्या पानावर गेली हा त्यांचा व्यवहार. पण सहा गावांची जमीन जातेय ही बातमी आहे ना? मी मागचे तीन महिने चाळले. एक ओळ नाही. त्यानंतर सलग एक आठवडा मी वही घेऊन बसले. आमच्या तालुक्याच्या एकूण अकरा बातम्या. पाच सत्कार आणि वाढदिवस, तीन संस्थांकडून आलेली पत्रकं जशीच्या तशी, दोन अपघात, एक चोरी. आणि ज्या मजकुरावर कुलूप लावून माझ्याकडून पैसे घेतले जातात, तो नटनट्यांचा आणि शेअर बाजाराचा. तो मला कुठेही मिळतो.

पैसे भरायला माझी ना नाही. बातमी गोळा करायला खर्च येतो, हे कळतं मला. मला एवढंच सांगा, मी भरते त्यातलं काही आमच्या तालुक्यातून बातमी पाठवणाऱ्या माणसापर्यंत जातं का? जात नसेल तर जाईल असं काय करता येईल?

जुना उपसंपादक (कोल्हापूर)

ताई, मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत चौदा वर्षं उपसंपादक होतो. २०२० च्या जुलैमध्ये आम्हा नऊ जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. नाव घेत नाही. त्यामुळे सांगतोय ते आतून पाहिलेलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मी होतो तिथे तरी जात नव्हतं. तालुक्याचा माणूस पगारी नसतोच. तो वार्ताहर. आमच्याकडे त्याला महिना पंधराशे रुपये मानधन होतं, त्यात त्याचं पेट्रोलही निघत नसे. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट ठरलेलं. ज्या ठेकेदाराकडून पुढच्या महिन्यात अर्धं पान आणायचं आहे, त्याच्या रस्त्याच्या कामावर हा माणूस आज काय लिहिणार? आमच्याकडे एकाने लिहिलं होतं. साठवण तलावाच्या भिंतीत मुरूमच भरलाय, माती नाही, अशी फोटोसकट बातमी. मी पानावर लावली. दोन महिन्यांनी त्याचं टार्गेट हुकलं आणि त्याचं ओळखपत्र परत मागवलं गेलं. ती बातमी मी लावली नसती तर त्याचं काम टिकलं असतं, हे मला आजही खुपतं.

हे असं का झालं, याचं मूळ पेपरच्या किमतीत आहे. अंक छापायला जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी खाली आपण तो विकतो. सरकारने १९६० मध्ये आदेश काढला होता की पानं किती त्यावर किंमत ठरेल. हेतू असा सांगितला की मोठ्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये. नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६१ मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला. किती पानं द्यावी आणि किती अंक खपवावे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं म्हटलं. निकाल मला आजही बरोबर वाटतो. पण पुढे १९९४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने दिल्लीत किंमत खाली आणली, इतरांना त्यामागे जावं लागलं, आणि हळूहळू देशभर पेपर म्हणजे जवळजवळ फुकटची वस्तू झाली. सगळा भार जाहिरातीवर आला. परुळेकरांनी १९३२ मध्ये ‘सकाळ’ काढला आणि वाढवला तो गावोगावचे बातमीदार आणि बाजारभाव यांवर. खेड्यातल्या वाचकाला आपल्या गावची बातमी हवी असते, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मी लागलो तेव्हा वार्ताहराचं पाकीट दुपारच्या एसटीने वर यायचं आणि पहाटेच्या एसटीने अंक खाली जायचा. पाकिटात हाताने लिहिलेले कागद, फोटोचा रोल, कधी बाजार समितीच्या भावाची चिठ्ठी. प्रत्येक तालुक्याला एक पान. रात्री नऊला त्यावरून आमची भांडणं व्हायची, कारण सहा तालुके आणि प्रत्येकाला वाटे आपली बातमी वर हवी. नंतर ती सहा पानं दोनावर आली. पान लावायचं काम मुख्य कचेरीत गेलं. तिथल्या मुलाला मंगळवेढा आणि माढा यांतलं अंतर माहीत नव्हतं.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीतलं ‘पॅकेज’ प्रकरण, म्हणजे उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापणं, तुम्हाला आठवत असेल. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये समितीचा अहवालही करून घेतला. ‘पॅकेज’ हा शब्द आमच्या कचेरीत तेव्हा उघड वापरला जायचा. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना २०११ ची, सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली २०१४ मध्ये. पण तोवर आमच्यातले बहुतेक जण कंत्राटावर गेलेले होते, म्हणून ती वाढ आमच्या हातात पडलीच नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने कागद भडकला आणि राहिलेली पानंही कमी झाली, असं आतले मित्र सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी बोलत नाही. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा म्हणजे तालुक्याच्या बातम्यांची खाण होती. सदस्य भांडायचे, कागद फडकवायचे, आम्हाला आठवडाभराचं काम मिळायचं. २०२२ पासून कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. सभा नाही, प्रश्न नाहीत. त्या काळात तिथे रोज जाऊन बसणारा पगारी बातमीदार सगळ्यात जास्त हवा होता, आणि नेमका तोच आम्ही काढून टाकला होता.

तरीही मी म्हणेन, वर्गणी भरा. जाहिरातीवरचा भार उतरायचा तर वाचकाचा पैसा यायलाच हवा. फक्त भरताना संपादकांना पत्र लिहा आणि त्यात तुमच्या वहीतल्या त्या अकरा बातम्यांची यादी जोडा.

पेपरलाइन (पंढरपूर तालुका)

ताई, जीपचा हिशेब मी रोज करतो म्हणून लिहितो. वडिलांच्या वेळेपासून आमची एजन्सी आहे. २०१९ ला माझ्याकडे बाराशे अंक होते, आज चारशे ऐंशी. पाच रुपयांच्या अंकात मला सव्वा ते दीड रुपया सुटतो. त्यात टाकणाऱ्या पोराचा पगार, सायकलचं पंक्चर, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि महिनाअखेरीला बिल बुडवणारे. पूर्वी योजना असायच्या, कुपनं चिकटवा आणि बादली न्या. तेव्हा अंक वाढायचे, बादली मिळाली की बंद व्हायचे.

उपसंपादक साहेब सांगतात ते खरं, पण गिऱ्हाईक मला काय म्हणतं तेही ऐका. “रात्री ग्रुपवर सगळं आलेलं असतं, सकाळी तेच वाचायला पैसे कशाला?” यावर माझ्याकडे उत्तर नसतं. पण ज्या दिवशी आमच्या कालव्याच्या पाळीची खरी तारीख आली, त्या दिवशी जास्तीचे साठ अंक दहा वाजेपर्यंत संपले होते. लोकांना वाचायचंय.

तुमच्या अण्णांसाठी एक करा. गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे का बघा. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि शासनाचं अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातही पेपर ठेवावे लागतात. अनुदान वेळेवर येत नाही म्हणून बरेच जण बिल थकवतात आणि मग आम्ही अंक बंद करतो. वर्षाचं बिल तुम्ही आगाऊ भरलं तर विक्रेता एसटीने बंडल पाठवायला तयार होईल. मी असतो तर झालो असतो.

सातबारा (सोलापूर, वकिली)

पेपरच्या चर्चेत नोटिशीचा मुद्दा मागे पडू नये म्हणून लिहितो.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६, कलम ३अ ची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका प्रादेशिक भाषेतल्या, छापावा लागतो. हरकतीचे २१ दिवस (कलम ३क) मोजले जातात ते राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. म्हणजे पेपर उशिरा वाचला किंवा वाचलाच नाही, तरी घड्याळ थांबत नाही. ती मुदत गेली ती गेली.

पण सगळं संपलेलं नाही. मोबदला ठरवण्याआधी कलम ३ग खाली सक्षम प्राधिकाऱ्याला पुन्हा जाहीर सूचना द्यावी लागते, पुन्हा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, आणि त्यात हक्कदारांना आपले दावे मांडायला बोलावलं जातं. ही सूचना चुकवू नका. विहीर आणि झाडं संयुक्त मोजणीच्या पत्रकात आली आहेत का, ते आत्ताच तपासा. डाळिंब असलेली जमीन जिरायत म्हणून लागलेली मी तीनदा पाहिली आहे. विहिरीची खोली, बांधकाम, मोटारीचं वीज बिल, झाडांचं वय, सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा आणि सातबाऱ्यावर पीकपाहणीत डाळिंब नोंदलंय का ते बघा. रक्कम मान्य नसेल तर कलम ३ग(५) खाली लवादाकडे जाता येतं.

नोटिशीसाठी एका पेपरवर अवलंबून राहू नका. केंद्राचं राजपत्र ई-गॅझेटवर फुकट दिसतं, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर भूसंपादनाचा विभाग असतो. अर्थात शहात्तर वर्षांच्या माणसाने पाराखाली बसून राजपत्र उघडावं, अशी अपेक्षा धरून कायदा लिहिलेला नव्हता. भूसंपादनाची ही कलमं १९९७ मध्ये त्यात घातली, तेव्हा गावात पेपर येतो, निदान कोणीतरी तो वाचून दाखवतो, हे गृहीत होतं. आज नोटीस छापून होते, बिल मंजूर होतं, फाइलला कात्रण लागतं. ती वाचली गेली का, हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे दरवर्षी तुमच्यासारखी सात-आठ घरं येतात आणि मुदत उलटल्यावरच येतात.

रात्रपाळी (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, पत्रकाची नक्कल काढली. विहीर आहे, झाडं एकशे चाळीसच धरलीत. उद्या अर्ज देतोय.

वाचनालय आमच्या गावात नाही, शेजारच्या गावात आहे, तीन किलोमीटरवर. अण्णांना सायकलवर तेवढं जमतं. चौकशी करते.

उपसंपादक काका, त्या तलावाच्या बातमीचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही ती लावलीत हे चुकीचं नव्हतं, असं मला वाटतं.

तालुक्याचा वार्ताहर

मी दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, पण तुम्ही ज्याच्याबद्दल विचारताय तो मीच आहे असं समजा. बावीस वर्षं हे करतोय. किराणा दुकान आहे, त्यावर घर चालतं. दुकानात बसूनच बातम्या टाइप करतो, दिवसाला तीन-चार. लागल्या का ते सकाळी कळतं. ग्रामसभेला जातो, कारण तिथे दुसरं कोणी जात नाही.

महामार्गाची बातमी का आली नाही, याचं एक साधं कारण सांगतो. राजपत्रातली यादी गट नंबरांची असते, गावकऱ्यांच्या नावाने बोललं जाणारं शेत त्यात ओळखू येत नाही. ती यादी घेऊन तलाठ्याकडे दोन दिवस बसावं लागतं. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी बसलो, आणि बातमी चार ओळींत संपवली गेली, असं माझ्याबाबत झालेलं आहे. पुढच्या वेळी बसणं होत नाही.

दुसरं कारण भीती. जमिनीच्या बातमीत दलाल असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या बाजूने उभ्या असलेल्या जमीन दलालाविषयीची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. तरी त्या आठवड्यात माझ्या बायकोने दुकानाचं शटर सातला ओढायला लावलं, आणि अजूनही आम्ही सातलाच ओढतो.

पैसे कसे पोचवायचे, विचारलंत. आमच्या हातात पैसे देऊ नका. मग ठेकेदाराच्या पाकिटात आणि तुमच्या पाकिटात लोकांना फरक दिसणार नाही. त्यापेक्षा काम हलकं करा. तुमच्या सहा गावांतले गट नंबर, कोणाचं किती जातं, कुठे विहीर, कुठे घर, अशी यादी सातबाऱ्यासह करा आणि तुमच्या तालुक्याच्या वार्ताहराला द्या. नाव-नंबर अंकावर नसेल तर विक्रेत्याला विचारा, त्याला माहीत असतो. कागद हातात असला की बातमी लिहायला रात्र पुरते.

रात्रपाळी (पुणे)

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

यादी अण्णांनीच केली. निवृत्त मास्तर असल्याने सहाही गावांत त्यांचे विद्यार्थी आहेत. सायकलवरून फिरले, एका गावाला भाच्याने मोटरसायकलवर नेलं. एकशे सदतीस गट निघाले. फुलस्केप कागदावर आखून, तांबड्या शाईने विहिरी. आमच्या वार्ताहराचा नंबर विक्रेत्याकडूनच मिळाला. तरुण मुलगा आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो कागद बघून म्हणाला, “गुरुजी, मला एवढं कोणी तयार करून दिलं नव्हतं.” त्याने स्वतःही दोन गावांत जाऊन लोकांशी बोलून घेतलं.

शेजारच्या वाचनालयाचं थकलेलं बिल आणि पुढच्या वर्षाचं असे दोन पेपरांचे पैसे मी भरले. बंडल सकाळच्या एसटीने येतं. ई-पेपरची वर्गणीही चालू ठेवली आणि संपादकांना पत्र टाकलं, वहीतल्या अकरा बातम्यांसह. उत्तर अजून नाही.

बातमी गेल्या गुरुवारी आली. ग्रामीण आवृत्ती, पान चार, दोन कॉलम, त्याच्या नावानिशी. मी पहाटे वॉर्डात उघडली आणि दोनदा वाचली. सहाही गावांची नावं होती, मोजणीत झाडं कमी धरल्याचं होतं. गट नंबरांची चौकट मात्र डेस्कवर गळाली. तो मुलगा सकाळी सातला अण्णांना फोन करून माफी मागत होता. जागा नव्हती म्हणाला, खाली पतसंस्थेची जाहिरात होती.

अण्णा वाचनालयात गेले, ग्रंथपालांना विचारून कात्रण काढलं, मोठ्या कागदावर डकवलं आणि भोवतीच्या समासात एकशे सदतीस गट नंबर पेनने लिहून काढले. आता तो कागद वाचनालयाच्या दाराला आतून लावलाय. काल फोनवर सांगत होते की वरच्या वस्तीवरची दोन माणसं येऊन बोट फिरवत आपला नंबर शोधून गेली.